वय सरल्यावरचे मुरूम: एका राहून गेलेल्या नोंदीचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात क्षुद्ररोग या सदराखाली ४४ विकार सांगितले आहेत. त्यांत कुरूप, चिखल्या, चाई अशा जिवावर न बेतणाऱ्या पण माणसाला बेजार करणाऱ्या तक्रारींच्या रांगेत तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुटकुळ्यांनाही जागा मिळालेली आहे. कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीमुळे होणाऱ्या या पुटकुळ्यांना ग्रंथकाराने शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली असून चेहऱ्याला उणेपणा आणणाऱ्या म्हणून त्यांना मुखदूषिका म्हटले आहे. काटेसावरीचे कोवळे खोड ज्याने हात लावून पाहिले असेल त्याला या उपमेचा नेमकेपणा सांगावा लागणार नाही, कारण तिचा काटा बाभळीच्या काट्यासारखा लांब आणि बारीक नसतो, तर बुडाशी रुंद, शंकूच्या आकाराचा आणि सालीतूनच वर उचलल्यासारखा असतो. उपचार म्हणून वमन आणि लोध्र, वेखंड, सैंधव व मोहरी यांसारख्या द्रव्यांचे लेप सांगितले आहेत, आणि पुढच्या काळातील ग्रंथांत तर काटेसावरीचाच काटा दुधात वाटून लावण्याचा उपाय येतो. या छोट्या वर्णनात दोन गोष्टी एकदम ठरून गेल्या: हा विकार क्षुद्र आहे, आणि तो तरुणांचा आहे. प्रौढ माणसांतील मुरमांचे प्रमाण किती, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी फारसा हात का घातला नाही, याचे उत्तर या दोन समजुतींत सापडते, आणि त्या केवळ भारतातल्या नव्हत्या.

आजच्या वैद्यकाप्रमाणे मुरूम ही केशपुटकाची, म्हणजे ज्या सूक्ष्म नळीतून केस बाहेर येतो तिची आणि तिला जोडलेल्या तैलग्रंथीची व्याधी आहे. पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने, जी स्त्रियांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात, तैलग्रंथी जास्त स्निग्ध द्रव पाझरू लागतात, नळीच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते, आत जिवाणू वाढतात आणि दाह होऊन पुटकुळी, पू किंवा खोलवरची गाठ तयार होते. बूच उघडे राहिले तर काळा ठिपका दिसतो आणि त्वचेखाली बंद राहिले तर पांढरा कण, ज्यांना बोलीत कील म्हणतात. या चार पायऱ्यांपैकी एकीचाही संबंध वयाच्या विशिष्ट आकड्याशी नाही. संप्रेरके पौगंडावस्थेत एकदम वाढतात म्हणून आरंभ तेव्हा होतो, एवढेच. विकार केव्हा थांबावा, याबद्दल शरीरशास्त्र काहीही सांगत नाही.

युरोपात त्वचारोगांची पद्धतशीर वर्गवारी लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी सुरू केली आणि १८१२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे शिष्य थॉमस बेटमन यांनी १८१३ च्या आपल्या ग्रंथात ती पूर्ण केली. रोगाचे कारण ठाऊक नसताना केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या घटकांवरून, म्हणजे पुळी, पुरळ, खवले, गाठ यांवरून वर्ग पाडणे ही त्यांची रीत होती, आणि त्या रीतीने मुरमांचे साधे, ठिपकेदार, कठीण व लालसर असे चार प्रकार झाले. यांतला चौथा, म्हणजे नाक व गाल लाल करणारा रोझेशिया, आज वेगळा विकार मानला जातो. परंतु त्या काळी तो मध्यमवयीन माणसांच्या खाती आणि बरेचदा त्यांच्या मद्यपानाच्या खाती जमा होता. त्यामुळे चाळिशीतील माणूस चेहऱ्यावर पुटकुळ्या घेऊन आला की त्याला तरुणांच्या सदरात ठेवण्याचा प्रश्नच उरत नसे आणि दुसरे सदर तयारच असे. वर्गवारीची सोय झाली खरी, पण प्रौढांचे साधे मुरूम कोणत्याच कप्प्यात नीट बसले नाहीत.

प्रौढांचे मुरूम वैद्यकाच्या नजरेत खऱ्या अर्थाने आले ते कारखान्यांतून. १८९९ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ कार्ल हेर्क्सहायमर यांनी क्लोरीन उत्पादनातील कामगारांच्या चेहऱ्यावर व अंगावर दिसणाऱ्या कील-गाठींचे वर्णन करून त्यांना क्लोरअॅक्नी असे नाव दिले. दोष क्लोरीन वायूचा नसून काही क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगांचा आहे, हे पुढे उलगडले. डांबर, यंत्रतेल आणि कटिंग ऑइल हाताळणाऱ्या कामगारांच्या मांड्यांवर व हातांवर उठणारे मुरूमही याच सुमारास व्यवसायजन्य विकारांच्या यादीत आले. दुसऱ्या महायुद्धात उष्ण व दमट प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांच्या पाठीवर व कुल्ल्यांवर इतके तीव्र मुरूम उठत की त्यांना आघाडीवरून मागे पाठवावे लागे, आणि हाच प्रकार पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्यात दिसला. ही सगळी माणसे पौगंडावस्था ओलांडलेली होती. तथापि त्यांच्या मुरमांना रसायन, तेल किंवा उकाडा असे बाहेरचे कारण सापडल्यामुळे मूळ समजुतीला धक्का बसला नाही. उलट ती पक्की झाली, कारण प्रौढाला मुरूम आले म्हणजे बाहेरून काहीतरी लागले असणार, हा निष्कर्ष त्यातून सहज निघाला.

आकडे मोजायला सुरुवात झाली ती शाळांत. झुरिकचे ब्रूनो ब्लॉख यांनी १९३१ मध्ये चार हजारांहून अधिक शालेय मुलामुलींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि मुरमांची सुरुवात लैंगिक परिपक्वतेशी कशी जोडलेली आहे हे दाखवले. शाळेत मुले एका जागी सापडतात, हजेरीपट तयार असतो, वय नोंदलेले असते आणि मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की एका दुपारी शेकडो चेहरे पाहून होतात. प्रौढांच्या बाबतीत यातले काहीच सोपे नाही. म्हणून पुढची कित्येक दशके मुरमांची रोगव्याप्ती, म्हणजे एखाद्या लोकसमूहात ठरावीक वेळी किती जणांना तो विकार आहे याचे प्रमाण, बव्हंशी विद्यार्थ्यांतच मोजली गेली. जिथे मोजले तिथेच आकडा सापडला, आणि जिथे आकडा सापडला तिथेच विकार आहे असे पाठ्यपुस्तकांनी लिहिले. १९४१ मध्ये अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी वृषणे नसलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्या अंगावर मुरूम उठतात हे सिद्ध केले. या प्रयोगाचा अर्थ नीट लावला असता, तर मुरमांना वय नव्हे, संप्रेरक कारणीभूत आहे आणि ते असेपर्यंत विकार कोणत्याही वयात राहू शकतो, हे तेव्हाच कळायला हवे होते. प्रत्यक्षात मात्र तो प्रयोग तारुण्याच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून वाचला गेला.

उपचारांचा इतिहासही याच दिशेने गेला, आणि तो फारसा भूषणावह नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किशोरवयीन रुग्णांच्या चेहऱ्यावर क्ष-किरण सोडण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत सर्रास होती. तैलग्रंथी आक्रसत आणि मुरूम जात हे खरे. परंतु त्या रुग्णांपैकी काहींना पुढे प्रौढपणी थायरॉइडचा व त्वचेचा कर्करोग झाल्याचे लक्षात आल्यावर ती पद्धत बंद पडली. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अ-जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन हे मलम मुरमांवर लागू पडते हे प्रसिद्ध केले, आणि आजही ते व त्याच्या जातीची औषधे बाह्योपचाराचा कणा आहेत. या संशोधनाचा मोठा भाग त्याच शहरातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या पाठीवर झाला. याच तुरुंगात क्लिगमन यांनी साठच्या दशकात डाऊ केमिकल कंपनीसाठी डायऑक्सिन हे विष कैद्यांच्या त्वचेला लावून क्लोरअॅक्नी उत्पन्न होतो का हे पाहिले. तरुणांचा म्हणून ओळखला जाणारा विकार ज्यांच्या कातडीवर अभ्यासला गेला ती माणसे प्रौढ होती, हा विरोधाभास त्या काळी कोणी बोलून दाखवला नाही. कैद्यांच्या संमतीचा प्रश्नही १९७४ मध्ये ते प्रयोग थांबेपर्यंत बाजूलाच राहिला.

प्रौढांची गणना खऱ्या अर्थाने झाली ती इंग्लंडमधील लीड्स या शहरात, आणि तिच्याकडे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे. विल्यम कन्लिफ हे तेथील त्वचारोगतज्ज्ञ. १९७९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चाळिशीच्या सुमारास सुमारे ५ टक्के स्त्रियांना व १ टक्का पुरुषांना मुरूम असल्याचे आढळले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच शहरात कन्लिफ यांनी गोल्डन व स्टेबल्स यांच्यासह एक रुग्णालय, एक विद्यापीठ आणि एक मोठा कारखाना यांतील २५ वर्षांवरील ७४९ कर्मचाऱ्यांचे चेहरे तपासले आणि ५४ टक्के स्त्रियांत व ४० टक्के पुरुषांत मुरूम सापडले. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली तरी दोन दशकांत एका शहरातील माणसांची कातडी एवढी बदलणे शक्य नाही. बदलली होती ती मोजपट्टी.

१९८४ मध्ये बर्क व कन्लिफ यांनी मांडलेल्या आणि लीड्स पद्धत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीकरणात तीव्र विकाराला पूर्ण अंक असत. परंतु अगदी सौम्य विकाराच्या खालच्या पायरीवर एकाचेही पाव, अर्धा, पाऊण असे भाग पाडलेले होते. १९९९ च्या पाहणीत पाऊण गुणांपर्यंतच्या मुरमांना शरीरधर्माचा भाग, म्हणजे एखाद-दुसरी पुटकुळी व चार-दोन कील असलेली जवळपास निरोगी त्वचा मानले गेले आणि पाऊण गुणांच्या वर गेलेल्यांनाच वैद्यकीय अर्थाने मुरूम म्हटले गेले. या दुसऱ्या, कडक निकषावर आकडा स्त्रियांत १२ टक्के आणि पुरुषांत ३ टक्के एवढाच उरतो. एकाच पाहणीतील त्याच माणसांबद्दल निम्म्याहून अधिक स्त्रियांना मुरूम आहेत असेही म्हणता येते आणि आठांतल्या एकीला आहेत असेही म्हणता येते, आणि दोन्ही विधाने खरी असतात. प्रौढ मुरमांवरील लेखांत व जाहिरातींत पहिलाच आकडा उचललेला दिसतो, दुसरा क्वचितच. मलम विकणाऱ्याला कोणता सोयीचा आहे हे उघड आहे.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम, अलाबामा येथे कॉलियर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासणी नव्हती, विचारणा होती: २० वर्षांवरील १,०१३ जणांनी आपल्याला मुरूम येतात का हे स्वतःच सांगायचे होते. विशीतील ५०.९ टक्के स्त्रिया व ४२.५ टक्के पुरुष, तिशीतील ३५.२ व २०.१, चाळिशीतील २६.३ व १२, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत १५.३ व ७.३ टक्के अशी ती उतरंड आहे. विशीत स्त्री-पुरुषांमधले अंतर थोडे आहे आणि तिशीपासून पुढे स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट राहते, हा या पाहणीचा सर्वांत मोलाचा भाग होय, कारण मासिक पाळीतील चढउतार, गर्भनिरोधक गोळ्या सुरू करणे वा थांबवणे आणि बीजांडकोशाचे विकार यांचा त्याच्याशी संबंध जोडता येतो. स्त्रियांच्या हनुवटीवर व जबड्याच्या कडेला पाळीच्या आधीच्या आठवड्यात उठणाऱ्या दुखऱ्या गाठी ही या वयातील नेहमीची तक्रार आहे.

इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा, म्हणजे आजारी माणूस प्रथम ज्या दाराशी जातो त्या फॅमिली डॉक्टरच्या किंवा आरोग्य केंद्राच्या पातळीचा प्रश्न येतो. लोकसमूहात आढळणारे प्रमाण आणि दवाखान्यात आढळणारे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्वचारोगांच्या बाबतीत लंडनच्या लॅम्बेथ भागातील १९७६ च्या पाहणीने ठळकपणे दाखवले. २,१८० प्रौढांकडून माहिती घेऊन व त्यांतील काहींची प्रत्यक्ष तपासणी करून रिया व सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला, की २२.५ टक्के प्रौढांना वैद्यकीय लक्ष देण्याजोगा त्वचाविकार आहे; मात्र अशांपैकी जेमतेम चौथा हिस्सा आधीच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे गेला होता. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरची भेट मोफत होती, तेव्हा खिशाची अडचण हे त्याचे कारण नव्हते. त्वचेची तक्रार घेऊन डॉक्टरचा वेळ घ्यावा की नाही, हा संकोच त्यामागे होता, आणि लीड्सच्या पाहणीतही मुरमांवर परिणामकारक औषध नाहीच, असे बहुसंख्य प्रौढांना वाटत असल्याचे आढळले.

दवाखान्यातील नोंदीला स्वतंत्र परिभाषा मिळाली ती १९८७ मध्ये, जेव्हा फॅमिली डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने प्राथमिक सेवेसाठी वेगळे रोगवर्गीकरण प्रसिद्ध केले. रुग्णालयांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात निदानाला महत्त्व होते. या नव्या पद्धतीत माणूस काय सांगत आला, हे कारणही नोंदता येऊ लागले, आणि मुरमांना त्वचेच्या प्रकरणात एस-९६ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. रक्तदाबासाठी आलेल्या बाईने उठता उठता हनुवटीवरच्या गाठींबद्दल विचारले, तर पूर्वी ती गोष्ट कागदावर येत नसे. आता ती किमान कागदावर येण्याची सोय झाली. ब्रिटनमध्ये मुरमांसाठी वर्षाला सुमारे ३५ लाख भेटी फॅमिली डॉक्टरांकडे होतात असा अंदाज अशाच नोंदींच्या आधारे दिला जातो, आणि त्यांत केवळ शाळकरी मुले नसतात.

रुग्णालयातील चित्र वेगळे दिसते. गोल्डन, क्लार्क व कन्लिफ यांनी १९९७ मध्ये त्वचारोग विभागात आलेल्या २५ वर्षांवरील २०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांत ७६ टक्के स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ३५.५ होते. बहुतेकांचे मुरूम पौगंडावस्थेपासून चालत आलेले होते, तर थोड्यांनाच ते २५ नंतर पहिल्यांदा उठले होते. दिल्लीत खुंगर व कुमार यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २८० प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातही ८२.१ टक्के स्त्रिया असून ७३.२ टक्के रुग्णांत विकार तरुणपणापासूनचा होता. स्त्रिया चेहऱ्याबद्दल अधिक जागरूक असतात म्हणून त्यांची गर्दी दिसते, असे स्पष्टीकरण यावर सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. लीड्सच्या कर्मचाऱ्यांतील कडक निकषावरचे १२ व ३ हे आकडे पुन्हा पाहिले, तर मोजण्याजोगे मुरूम असलेल्या पाच माणसांत चार स्त्रिया असणे हे त्या लोकसमूहातच दिसते. म्हणजे दवाखान्यातील स्त्री-पुरुष प्रमाण बऱ्याच अंशी विकाराचेच आहे, नटण्यामुरडण्याचे नाही. दवाखान्याचे दार एकूण संख्या लपवते, स्त्रियांचा वाटा फुगवत नाही.

मुरमांची आकडेवारी बहुतेक औद्योगिक समाजांतील आहे, या मुद्द्यावर २००२ मध्ये कॉर्डेन व सहकाऱ्यांनी बोट ठेवले. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील सुमारे १,२०० व पॅराग्वेतील आचे जमातीतील ११५ व्यक्तींच्या तपासणीत त्यांना एकही मुरूम आढळला नाही, आणि त्यांनी साखर व मैद्याच्या आहाराला दोष दिला. निष्कर्ष वादग्रस्त राहिला, कारण आनुवंशिकता बाजूला काढता येत नाही; पण १९६९ च्या एका प्रयोगानंतर चॉकलेटला व एकंदर आहारालाच दोषमुक्त ठरवून बसलेल्या वैद्यकाला त्याने पुन्हा विचार करायला लावले.

महाराष्ट्रातील प्राथमिक सेवेत हा विकार कोठे आहे, याचे उत्तर सेवेच्या जन्मातच आहे. भोर समितीने १९४६ मध्ये आखलेल्या आराखड्यातून आणि १९५२ च्या सामूहिक विकास कार्यक्रमातून उभी राहिलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे, जी आज मैदानी भागात ३०,००० व डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक या मापाने असतात, हिवताप, क्षय, कुष्ठरोग, लसीकरण आणि बाळंतपण यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांभोवती वाढली. त्वचेकडे पाहण्याचे शिक्षण तेथील कर्मचाऱ्यांना मिळाले ते कुष्ठरोगाच्या निमित्ताने: फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या, भुवया गळणे. ज्या प्रांतात कुष्ठरुग्णांसाठी दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन यांसारख्या संस्था उभ्या राहाव्या लागल्या, तिथे ही प्राथमिकता योग्यच होती, आणि चेहऱ्यावरच्या गाठींबद्दल पहिला प्रश्न कुष्ठाचा विचारला जाई यात नवल नाही. कुष्ठ नाही, खरूज नाही, गजकर्ण नाही, एवढे ठरले की त्वचेचा केसपेपर बंद होई. मुरमांसाठी कार्यक्रम नव्हता, म्हणून मासिक अहवालात रकाना नव्हता. गंमत अशी, की क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड या औषधाने काही प्रौढांच्या चेहऱ्यावर व छातीवर मुरमांसारख्या एकाच आकाराच्या, कील नसलेल्या पुटकुळ्या उठतात. म्हणजे कार्यक्रमाच्या औषधानेच कार्यक्रमाबाहेरचा विकार केंद्राच्या दारात आणून उभा केला होता.

विकार रकान्यात नसला तरी बाजारात होता. जायफळ दुधाच्या सायीत उगाळून लावणे, सहाणेवरचे चंदन, आंबेहळद, मसुराचे पीठ हे घरगुती उपाय आणि लग्नानंतर आपोआप जातील हे आश्वासन यांच्यापुढे जाऊन विसाव्या शतकात तयार मलमे आली. मुंबईत १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी सुरू केलेल्या विको कंपनीचे हळदीचे मलम हे त्यांतले सर्वांत परिचित. ते सौंदर्यप्रसाधन आहे की आयुर्वेदिक औषध, यावरून, कारण उत्पादनशुल्काचा दर त्यावर अवलंबून होता, सरकारी खाते आणि कंपनी यांच्यात १९७८ पासून वाद चालला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याचे अपील फेटाळल्याने औषध ही ओळख कायम राहिली. चेहऱ्यावरची पुटकुळी हा रोग की रूपाचा प्रश्न, हे ठरवण्यात पाव शतक गेले, आणि ते काम शेवटी करवसुलीच्या निमित्ताने न्यायालयांना करावे लागले, ही बाब या विकाराच्या स्थानाबद्दल वैद्यकीय ग्रंथांपेक्षा अधिक सांगून जाते.

त्याहून गंभीर प्रकरण स्टेरॉइडयुक्त मलमांचे. बीटामेथासोनसारखी द्रव्ये दाह झपाट्याने कमी करतात, लाली उतरते, काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो; महिन्या-दोन महिन्यांत मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि नवे मुरूम उठतात. २०११ मध्ये सारस्वत, लाहिरी व सहकाऱ्यांनी देशातील विविध केंद्रांतून एकत्र केलेल्या माहितीनुसार चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन त्वचारोग विभागात आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरखेरीज अन्य कोणी, म्हणजे मेडिकल स्टोअरवाला, ब्यूटी पार्लर, नातलग वा शेजारी यांनी सुचवले होते. सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम मुरूम उठणे किंवा असलेले वाढणे हाच होता. १९७५ मध्ये क्लिगमन यांनी चेहऱ्यावरील वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचे जे मिश्रण सुचवले, त्याच धर्तीची तिहेरी मलमे भारतात गोरे होण्याचे साधन म्हणून खपू लागली, आणि त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने प्रौढ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा बाह्य स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत घातली.

ब्रिटनमध्ये याच सुमारास प्रश्नाला वेगळे वळण लागले होते. तेथील फॅमिली डॉक्टर प्रौढ स्त्रियांना महिनोन्महिने प्रतिजैविके देत होते, आणि जिवाणूंची प्रतिकारशक्ती वाढण्याच्या भीतीने २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या प्रतिजैविकावर उपचार करू नयेत असे सांगितले. पर्याय म्हणून स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, मूळच्या रक्तदाबावरील औषधाची, जे पुरुषी संप्रेरकाचा परिणामही अडवते, ४१० प्रौढ स्त्रियांवर चाचणी झाली आणि ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांतील फरक लहान होता, चोवीस आठवड्यांनी तो स्पष्ट झाला. एवढा धीर धरायचा तर रुग्णाला तेच डॉक्टर सहा महिने भेटत राहावे लागतात, आणि ती सोय ज्या सेवेत आहे तिथेच ही चाचणी करता आली.

महाराष्ट्रात तो धीर मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर तुटतो. स्टेरॉइडचे मलम थांबवले की पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा जास्त लाल होतो, आग होते, मुरूम उसळतात, आणि हे तात्पुरते आहे असे सांगणारे कोणी जवळ नसेल तर माणूस पुन्हा तीच ट्यूब मागतो. २०१८ च्या अधिसूचनेनंतर चिठ्ठी मागणे दुकानदाराला बंधनकारक आहे. पण ती चिठ्ठी लिहून देणारा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा चेहरा पाहणारा डॉक्टर ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो, तेथील कार्यक्रमांच्या यादीत हा विकार नाही.